गुडघा

आमच्याकडे लग्नात साखळी धरतात.
वाद्य नसतं, नुसते गळे आणि टाचा.
दोन पावलं डावीकडे, एक मागे,
फळ्यांची जमीन दणाणत राहते
आणि गाणं पहाटेपर्यंत संपत नाही.

मी भिंतीशी उभी.
कुणी हात पुढे केला की म्हणते, गुडघा.
सात वर्षं दुखतोय हा गुडघा.
एकदा उजवा सांगितला, एकदा डावा.
नवऱ्याच्या मावशीनं मलम पाठवलं,
ते मी बुटांना लावते.

खरं तर दुखणं नाहीच ते,
आणि गुडघ्याच्या बरंच वर आहे.
ब्रांदुर. सव्वाचार किलो.
खांद्याशी अडकला होता, मग एकदम सुटला,
बर्फाखालून ओढा सुटावा तसा.
सगळ्या बेटानं त्याचं वजन विचारलं.
टाके किती, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

त्यानंतर शिंक आली की मी पाय पिळते.
हसण्याआधी जागा बघते, काळी पँट निवडते.
अंगणात ट्रॅम्पोलिन आहे,
वारा उडवून नेईल म्हणून चार दोरांनी बांधलेलं.
मुलं हाका मारतात: आई, ये ना!
मी म्हणते,
काय म्हणते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मासळीच्या कारखान्यात बरं असतं.
रबरी एप्रन, रबरी बूट,
तिथे सगळंच ओलं.

दुरीता माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.
हातमोजा चढवून म्हणाली, आवळा.
मी दात आवळले.
नाही, खाली.
मी पोट आवळलं.
अजून खाली.
स्वतःच्याच घरात एक खोली असावी
आणि तिचा दिवा कुठे लागतो हे माहीत नसावं,
तशी मी अंधारात चाचपडत राहिले.
ती म्हणाली, झोळी आहे तिथे,
पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत टांगलेली.
फाटली नाहीये. सैल पडलीये.
मेंढी ओठांनी पातं टिपते ना,
तसं वर ओढा. दहा मोजा.
आता सोडा.
सोडणंसुद्धा शिकावं लागतं, म्हणाली.

मी गाडीत करते.
समुद्राखालच्या बोगद्यात शिरले की पहिलं,
उतार संपला की दुसरं,
माथ्यावर अख्खा अटलांटिक
आणि मी स्टिअरिंग धरून
कुणालाच न दिसणारं काहीतरी उचलून धरलेलं.
योहान बोगद्याच्या देखभालीवर असतो.
एका रात्री त्याला सगळं सांगितलं, पाठ करून.
बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, प्रत्येक बोगदा गळतो गं,
आमचे पंप काय शोभेला आहेत?
मी हसले. आणि हसताना
व्हायचं ते झालंच.

म्हातारी मालान मात्र हसली नाही.
म्हणाली, माझ्या लहानपणी दाराशी पिंप असायचं,
घरादाराची लघवी त्यात,
आंबवून त्यानं लोकर धुवायची.
आम्ही पोरी वाया घालवत नसू, एवढंच.
लाज कुठली? लाजेला पिंप लागत नाही,
ती पोटातच आंबते.
नऊ बाळंतपणं तिची.
तिचा गुडघा कसा आहे, मी विचारलं नाही.
तिनंच खुर्चीवरची गादी उचलून
खालचं मेणकापड दाखवलं.

या शनिवारी सुन्वाचं लग्न.
चार महिने झाले, चाळीस टक्के कमी,
हा आकडा माझा, दुरीताचा नाही.
मी साखळीत शिरले.
दोन डावीकडे. ओढ. एक मागे. सोड.
टाच आपटली, थोडं गळलं,
कडवं चालू राहिलं.
गाण्यातला राजा अजून लढाईला निघायचा होता.

तिसऱ्या फेरीत भिंतीशी ती दिसली,
बहुधा शाळेतली नवी शिक्षिका,
नुकतीच बाळंत झालेली,
पायांवर पाय, हातात रिकामा पेला.
साखळी तिच्यापाशी आली तेव्हा
मी डावा हात सोडवून पुढे केला.
ती म्हणाली, नको, माझा जरा...
मी म्हटलं, कोणता?